शहाण्याचं ताट

वास आला तेव्हा डेल्बर्ट हॉस्किन्स घरामागच्या शेडमध्ये एका स्प्रिंगला कानस लावत बसला होता. बंदुकीची जळकी दारू, तापलेलं तेल, करपलेली चरबी हे सगळे वास त्याच्या रोजच्या ओळखीचे. हा त्यांतला नव्हता. शाळेतली पोरं मेणबत्तीवर कंगवा धरतात तेव्हा येतो तसला हा वास होता, आणि तो स्वयंपाकघरातून येत होता. डेल्बर्टनं कानस टाकली आणि त्याच्या गुडघ्यांना अजिबात न शोभणाऱ्या वेगानं तो घराकडे धावला.

ओव्हनच्या दांडीला लाल फडकं नव्हतं.

हे लाल फडकं म्हणजे हॉस्किन्सांच्या घरातला तह होता. जुन्या धर्तीची काळ्या दारूची रिव्हॉल्व्हरं हल्ली कारखान्यातून नवी कोरी येतात, पण त्यांची दुखणी जुनीच असतात. उडवलेलं रिव्हॉल्व्हर त्याच दिवशी उघडून साबणाच्या गरम पाण्यात धुतलं नाही तर काजळी लोखंड खाते, आणि धुतल्यावर लगेच वाळवलं नाही तर उरलेलं पाणी खातं. वाळवायला ओव्हनच्या मंद उबेसारखं दुसरं काही नाही. पाइक्स फोर्क गावातल्या आमच्या नेमबाजी क्लबातला एकेक गडी त्यापायी बायकोची बोलणी खाऊन आहे. डेल्बर्टनं मात्र ट्वायलाशी ठरवूनच टाकलं होतं. आत लोखंड असलं की दांडीला लाल फडकं, आणि फडकं असेतो तिनं बटणाला हात लावायचा नाही. भांडण नाही, तंटा नाही.

त्या शुक्रवारी ट्वायलाची बहीण बर्नडीन उकळत्या घेवड्याचं भांडं गाडीत घेऊन आली. भांडं उचलायला काहीतरी हवं म्हणून तिनं समोर दिसलं ते फडकं ओढलं. ट्वायलाला मक्याचा पाव भाजायचा होता. फडकं दिसेना, म्हणून तिनं निर्धास्तपणे ओव्हन चांगला कडक तापायला लावला आणि दोघी बहिणी डेलियाची फुलं बघायला परसात गेल्या.

आत ऑरव्हिल क्रॅबट्रीचं रिव्हॉल्व्हर होतं.

ऑरव्हिलनं आमचा क्लब काढला, आम्हाला शिकवलं, झापलं, आणि या वसंतात तो गेला. शनिवारी त्याच्या आठवणीत नेमबाजी व्हायची होती आणि पहिला बार त्याची बायको मॅक्सीन त्याच्याच रिव्हॉल्व्हरनं उडवणार होती. शेवटचा बार उडवला त्याच संध्याकाळी ऑरव्हिल अंथरुणाला खिळला, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा ते न धुता म्यानात राहिलं होतं. मॅक्सीननं ते टॉवेलात गुंडाळून डेल्बर्टकडे आणलं होतं. "तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ, डेल," असं ती म्हणाली होती.

डेल्बर्टनं जीव ओतून काम केलं. गंज उतरवला, गोळ्यांची चकरी मोकळी केली, स्प्रिंग बदलली. फक्त मुठीचे स्क्रू हलेनात. आणि ती मूठ साधी नव्हती. ती वॉलरसच्या, म्हणजे एका समुद्री प्राण्याच्या, सुळ्याची होती. ऑरव्हिलचा कुणी चुलत आजोबा देवमाशांच्या शिकारीवर असायचा, त्यानं तो सुळा उत्तरेच्या बर्फातून आणला होता. ऑरव्हिल ती मूठ कुणाला धरू द्यायचा नाही. "हाताच्या घामानं सुळा पिवळा पडतो," असं सांगायचा, आणि आम्ही लांबून बघून माना डोलवायचो. जोर लावताना पेचकस सटकला आणि त्या सुळ्यावर ओरखडा उठला तर, या विचारानं डेल्बर्टनं स्क्रू सोडून दिले आणि मुठीसकट सांगाडा ट्वायलाच्या ताटलीत घालून ओव्हनमध्ये ठेवला.

मूठ ओव्हनमध्ये जात नाही, हा ऑरव्हिलचा पहिला नियम. मागच्याच महिन्यात नवख्या बर्ल टॅकेटला डेल्बर्टनं तो बोट नाचवून सांगितला होता. पण मंद ऊब आहे, दारही किलकिलं आहे, तेवढ्यानं काय होतंय, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. ते किलकिलं दार बर्नडीननं फडकं ओढताना नीट बंद करून दिलं होतं.

आता त्यानं ओव्हन उघडला. नळी ठीक होती, चकरी ठीक होती. मूठ मात्र सांगाड्यावरून ओघळून ताटलीत पसरली होती. पिवळट पांढरा, कडांना तपकिरी पडलेला एक गोळा. असला डाग आपण कुठंतरी पाहिलाय असं डेल्बर्टला वाटून गेलं, पण तेवढ्यात ट्वायला दारात आली आणि तो विचार तिथंच राहिला.

"काय जाळलंस?" ट्वायलानं नाकाला पदरासारखा एप्रन लावला. "डेल, माझ्या ओव्हनात काय जाळलंस?"

"फडकं कुठाय?"

"आधी मी विचारलं."

डेल्बर्ट खुर्चीत बसला. विधवा बाईनं विश्वासानं दिलेली वस्तू, तिच्या नवऱ्याचा जीव की प्राण, आपण नियम मोडून भाजून काढली. त्याला स्वतःच्या हातांकडे बघवेना.

ट्वायलानं चिमट्यानं तो गोळा उचलून हुंगला. "हे प्लास्टिक आहे."

"वॉलरस आहे."

"डेल, मी या ओव्हनात झाकण विसरून किती डबे वितळवलेत. मला प्लास्टिकचा वास कळतो. सुळा वितळत नाही. दात वितळतात का कुणाचे?"

डेल्बर्टनं हुंगलं. मग परत हुंगलं. ज्या मुठीसमोर आम्ही सगळे टोप्या काढायच्या बेतात असायचो ती कुठल्याशा साच्यातून निघालेली होती.

"मग सुटलास की," ट्वायला म्हणाली. "मॅक्सीनला सांग, प्लास्टिकचं होतं, वितळलं, नवीन बसवतो."

"काय सांगू? तुझा नवरा आयुष्यभर थाप मारत होता? उद्याच्या दिवशी, सगळ्या गावासमोर? तिला ठाऊक नसेल तर?"

"मग सुळा जळला म्हणून सांग."

"तेही कसं सांगू?"

दोन्हीकडून तोंड काळं होणार होतं. खरं बोलावं तर मेलेला मित्र उघडा पडतो, खोटं बोलावं तर मित्राची आठवण आपण जाळली असं होतं, आणि काही केलं तरी आपण नियम मोडला हे उरतंच. त्यानं मधला मार्ग काढला, म्हणजे लीलंड प्रुइटला फोन लावला. लीलंड आमच्या क्लबचा अध्यक्ष, आणि बंदुकांच्या सुट्या भागांचं दुकानही त्याचंच.

"लीलंड, सुळ्याच्या रंगाची मूठ असेल का रे तुझ्याकडे? प्लास्टिकची चालेल."

"कुणासाठी?"

"आहे एक गिऱ्हाईक. बाहेरगावचं."

लीलंड तुटकपणे म्हणाला, "नाहीत," आणि फोन ठेवला.

गंमत अशी की आठवडाभर न हललेले स्क्रू भाजून निघाल्यावर लोण्यासारखे फिरले. डेल्बर्टनं स्वतःच्या रिव्हॉल्व्हरची अक्रोडी मूठ काढून तिथं बसवली. बसली छान, पण होती तपकिरी. चिंध्यांच्या डब्यात ट्वायलाला काळी रेशमी फीत सापडली. डेल्बर्टनं ती मुठीभोवती घट्ट गुंडाळली, खाली गाठ मारली आणि रिव्हॉल्व्हर उलटसुलट करून पाहिलं.

"कुणी विचारलं तर?" ट्वायलानं विचारलं.

"शोक," डेल्बर्ट म्हणाला. "शोक म्हणून."

ट्वायलानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं नजर फितीवरच ठेवली.

शनिवारी मैदानावर पाहिल्या पाहिल्या ती फीत सगळ्यांच्या डोळ्यांत भरली. लीलंडनं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, मुठीवरून अंगठा फिरवला आणि घसा साफ केला. "बघा," तो मोठ्यानं म्हणाला, "याला म्हणतात जाण. मालक गेला, म्हणून मूठही झाकली." बायकांचे डोळे भरून आले. कुणीतरी डेल्बर्टच्या पाठीवर थोपटलं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत त्याचा उल्लेख केला, देवानं असे मित्र सगळ्यांना द्यावेत म्हणून. बर्नडीन घरी जाऊन शिवणाचा डबा घेऊन आली आणि बघता बघता क्लबातल्या एकेका रिव्हॉल्व्हरच्या मुठीला काळी फीत लागली. लीलंडनं दरवर्षीच हे करायचं असं जाहीरही केलं. डेल्बर्ट खाली गवताकडे बघत होता. लोकांनी ते नम्रता म्हणून घेतलं, आणि त्यानं तो आणखीच मेल्याहून मेला.

मॅक्सीननं रिव्हॉल्व्हर धरलं. बोटं फितीवर एकदा उघडली, मिटली. मग तिनं चाप ओढला, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि नेमासाठी टांगलेली पत्र्याची घंटा टणकन वाजली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅक्सीन धुराच्या बाहेर आली ती सरळ डेल्बर्टकडे बघत.

क्लबचं वार्षिक जेवणही त्याच दिवशी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये होतं. प्रत्येक घरून एकेक पदार्थ आला होता, फक्त हॉस्किन्सांकडून विकतचा पाव होता आणि तो का, हे ट्वायला कुणालाच सांगत नव्हती. जेवण झालं की दरवर्षीचा मुख्य कार्यक्रम असतो. वर्षातला सगळ्यात मोठा मूर्खपणा ज्यानं केला त्याच्या गळ्यात 'शहाण्याचं ताट' घालायचं आणि त्यानं उभं राहून आपली चूक सगळ्यांना सांगायची. ताट साधंच, काळं पडलेलं पत्र्याचं, सुतळीत ओवलेलं. मधोमध एक पिवळट घट्ट डाग आहे. क्लबसाठी मेण आणि चरबीचं पहिलं वंगण ऑरव्हिलनं शिजवलं ते याच ताटात करपलं, म्हणून त्या डागाला कुणी घासणी लावत नाही. ही प्रथा ऑरव्हिलची, आणि सारा जन्म ताट दुसऱ्यांना घालायचं काम त्यानंच केलं. यंदा ते काम डेल्बर्टकडे आलं होतं.

यंदाचा मानकरी बर्ल टॅकेट होता. त्यानं दारू न भरताच गोळी ठासली होती आणि मग सगळ्यांसमोर कितीतरी वेळ चाप ओढत बसला होता. डेल्बर्टनं ही गोष्ट महिनाभर हसून हसून सांगितली होती. बर्ल हडकुळा, लाजाळू, पोस्टातला माणूस. तो बशीतला घेवडा नुसता इकडून तिकडे ढकलत होता.

"काय बोलायचं ते पाठ केलंय मी," तो डेल्बर्टला हळूच म्हणाला. "फार वेळ नाही ना लागणार? बायको आली नाही. म्हणाली, मला नाही बघवणार."

डेल्बर्टनं हातातला विकतचा पाव बशीत परत ठेवला. तेवढ्यात मॅक्सीननं त्याच्या खांद्याला बोट लावलं. "जरा बाहेर ये."

ती त्याला तिच्या गाडीमागे घेऊन गेली. "ती मूठ त्याची नाही," ती म्हणाली. "जाड आहे. मी त्याचं रिव्हॉल्व्हर इतकी वर्षं उचलून उचलून टेबल पुसलंय, डेल. मला फीत घालून फसवतोस?"

डेल्बर्टनं टोपी काढली. "मॅक्सीन, मला लाज वाटते. मी फार वाईट केलं."

"ओव्हन?"

"ओव्हन."

"दार किलकिलं ठेवलं होतंस?"

"हो."

"तोही ठेवायचा," मॅक्सीन म्हणाली.

डेल्बर्टनं मान वर केली. मॅक्सीननं पर्समधून एक पुरुषी लोकरी मोजा काढला आणि त्यातून मूठ काढली. पिवळट पांढरी, गुळगुळीत, हुबेहूब वॉलरस.

"त्याच्या मोज्यांच्या खणात असायची एक, कायम. वितळली की रातोरात बदलायचा. मला वाटलं आज हिची गरज पडेल, म्हणून घेऊन आले. काल बर्नडीन सांगत होती, ट्वायलाच्या घरी कसलासा वास येतोय."

"म्हणजे तुला माहीत होतं? तो सुळा, तो आजोबा..."

"आजोबा होता. किराणा विकायचा. वॉलरस टपालानं आला." तिनं मूठ परत मोज्यात घातली. "पहिली वितळली ती माझ्या चांगल्या ताटात. घासून घासून माझी नखं गेली, डाग निघेना. फेकायला निघाले तर म्हणाला, राहू दे, क्लबात नेतो. कुणी डाग बघून विचारायच्या आत यानंच वंगणाची गोष्ट रचली आणि ताट दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून दरवर्षी मी त्या हॉलात बसून ते बघतेय."

डेल्बर्टला ट्वायलाच्या ताटलीतला डाग आठवला. तो कुठं पाहिला होता हेही आता आठवलं. ज्या ताटाला तो इतकी वर्षं भीत होता त्याचा खरा धनी ते एकदाही न घालता गेला होता.

"मग सांगायचं का सगळ्यांना?"

"तो इथं असता तर मीच खुर्चीवर चढून सांगितलं असतं," मॅक्सीन म्हणाली. "पण लाजायला तो हजर नाही. मग त्यात काय मजा? तुझं काय ते तू बघ."

डेल्बर्ट आत आला तेव्हा लीलंड टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प करत होता आणि बर्ल मान पुढे करून उभा होता, केस कापायला बसतात तसा. डेल्बर्टनं ताट उचललं. सुतळी दोन्ही हातांत धरली. मग त्यानं ती स्वतःच्या गळ्यात घातली.

"डेल, चुकीचा गळा," कुणीतरी मागून म्हणालं आणि लोक हसले.

"नाही," डेल्बर्ट म्हणाला. "मी ऑरव्हिलची मूठ ओव्हनात घातली. मूठ ओव्हनमध्ये जात नाही हे मला माहीत होतं, मी बर्लला शिकवलं होतं. तरी घातली. जळली. आज मॅक्सीनच्या हातात होती ती माझी अक्रोडाची. ती फीत शोक म्हणून नव्हती, झाकायला होती. तुम्ही माझी पाठ थोपटत होतात आणि मी थोपटून घेत होतो. याहून जास्त लाज मला कधी वाटली नाही."

मग पुढच्या टेबलावरचे एक म्हातारे गृहस्थ कापऱ्या आवाजात म्हणाले, "वॉलरसचा सुळा जाळलास?"

डेल्बर्टनं मॅक्सीनकडे पाहिलं. मॅक्सीन छताकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला. "वॉलरसचा."

"असा सुळा आता मिळायचा नाही."

"नाही मिळायचा."

"वास कसा आला रे?"

डेल्बर्टनं गळ्यातलं ताट सरळ केलं. "समुद्रासारखा."

मॅक्सीननं तोंडावर रुमाल दाबला. तिचे खांदे हलायला लागले तशा दोन बायका तिला धरायला धावल्या आणि डेल्बर्टकडे त्यांनी असं पाहिलं की त्याला विकतच्या पावासकट जमिनीत जावंसं वाटलं. मुठींवरच्या फिती भराभर सुटून टेबलांवर पडल्या. बर्नडीन तिच्या फिती मोठ्यानं मागून घेत होती. पाद्रीबाबा कॉफी आणायला गेले ते परत आलेच नाहीत. लीलंडनं जाहीर केलं की असला प्रकार क्लबाच्या इतिहासात झालेला नाही, तेव्हा ताट डेल्बर्ट हॉस्किन्सकडे कायमचं राहील. हात वर करून मत घेतलं तेव्हा ट्वायलाचाही हात वर होता.

फक्त बर्ल टॅकेट सुखात होता. त्यानं दोनदा केक घेतला, बायकोला फोन करून बोलावलं आणि पाठ केलेलं भाषण कुणी मागितलं नसताना सगळ्यांना म्हणून दाखवलं. लोक पोट धरून हसले.

जाताना डेल्बर्ट मोटारीचं दार उघडत होता. ताट गळ्यातच होतं, काढायचं त्याला सुचलंच नव्हतं. लीलंड जवळ आला, इकडे तिकडे बघून खाली वाकला आणि त्या पिवळट डागावर नखानं टकटक केलं.

"फोनवर तुला नाही म्हणालो ते मनावर घेऊ नको," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या मुठी ऑरव्हिलशिवाय कुणाला द्यायच्या नाहीत असा शब्द दिला होता मी त्याला. पण आता तोच गेला." त्यानं घसा साफ केला. "त्याच्यासाठी मागवलेले दोन वॉलरस पडून आहेत दुकानात. एक ठेवू का तुझ्यासाठी बाजूला?"

डेल्बर्ट नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात गाडीतून ट्वायलाचा आवाज आला.

"दोन्ही ठेव, लीलंड."